औषधाची एक बाटली, १७ दिवस आणि आपली सोसायटी



या पानावर आपण एरवी डिझेलचा कोटा, बंदीचे दिवस, बर्फाचा दर आणि जाळ्यांच्या अनुदानाबद्दल लिहितो. आज विषय वेगळा आहे. आपल्या एका सभासदाच्या घरात गेलं वर्षभर जे चाललंय ते जेटीवर सगळ्यांना थोडं थोडं माहीत आहे, पण पूर्ण कुणालाच माहीत नाही. त्यामुळे गैरसमजही झालेत. "एवढे पैसे जमवले, गेले कुठे?" असं दोघा-तिघांनी विचारलं. विचारलं ते बरंच केलं. घरच्यांची परवानगी घेऊन, नाव न देता, आम्ही सगळं लिहितोय. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी अशी वेळ आली तर त्याला पहिल्या दिवसापासून वाट माहीत असावी, हाही हेतू आहे.

मुलगा आता सहा वर्षांचा आहे. बाप स्वतःच्या लहान होडीवर जातो, आई बाजारात मासळी विकते. मूल उशिरा बसायला लागलं, उभं राहिलंच नाही. पहिली दोन-अडीच वर्षं "अशक्तपणा आहे, होईल बरं" म्हणून टॉनिकं, कॅल्शियम, मालीश यातच गेली. देवाला सांगणं झालं, गाऱ्हाणं घालून झालं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय हललाच नाही. त्यांनी रक्ताची जनुकीय तपासणी करायला सांगितली. गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत रिपोर्ट आला. आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी. सगळे एसएमए म्हणतात.

सोप्या भाषेत सांगायचं तर पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात त्या हळूहळू मरत जातात. डोकं अगदी शाबूत असतं. हा पोरगा पाढे फाडफाड म्हणतो, कुठली होडी कुणाची ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखतो. पण हातपाय, पाठ, पुढे गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू कमकुवत होत जातात. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. दोघंही स्वतः धडधाकट असतात, त्यामुळे आधी कळत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. कुणाच्या नजरेचा, ग्रहणाचा किंवा आईने खाल्लेल्या कशाचा यात संबंध नाही. हे ठळक लिहायचं कारण असं की त्या माउलीला शेजारपाजारच्यांनी नको नको ते ऐकवलं आहे. ते आता बंद व्हावं.

औषध आहे, पण किंमत ऐकून बाप खाली बसला

या आजारावर आता औषधं आहेत. दोन वर्षांखालील बाळांना एकदाच द्यायचं जनुकीय इंजेक्शन आहे. १६ कोटींचं इंजेक्शन म्हणून २०२१ मध्ये मुंबई-पुण्याच्या बातम्यांत जे आलं होतं ते हेच. आपल्या मुलाचं ते वय निघून गेलं होतं. त्याच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं ते रिसडिप्लाम नावाचं तोंडाने घ्यायचं औषध. रोज एकदा, आयुष्यभर.

एका बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध असतं. दोन वर्षांवरच्या मुलाला २० किलो वजन होईपर्यंत किलोमागे पाव मिलिग्रॅम असा डोस. मुलाचं वजन तेव्हा १४ किलो. म्हणजे रोज साडेतीन मिलिग्रॅम. म्हणजे एक बाटली १७ दिवस. आणि त्या वेळी एका बाटलीची किंमत होती सुमारे ६ लाख २० हजार रुपये. वर्षाला २१-२२ बाटल्या. बेरीज करा, १ कोटी ३० लाखांच्या वर जाते. बापाने होडी, इंजीन, जाळी आणि बायकोचं मंगळसूत्र सगळं विकलं असतं तरी दोन बाटल्या आल्या नसत्या.

मुलाची आई आमच्या सचिवांना म्हणाली, "दादा, तो चालायला लागूदे असं मी मागतच नाही. हाताने घास तोंडापर्यंत नेता यावा, एवढंच टिकूदे." त्या दिवशी आम्ही ठरवलं की निदान चौकशी तरी पूर्ण करायची.

सोसायटीने आधी काय केलं

खरं सांगायचं तर आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी पैसे जमवले, मग चौकशी केली. फेब्रुवारी ते मे दरम्यान प्रत्येक होडीने एका खेपेचा वाटा दिला. ट्रॉलरवरच्या ओडिशाच्या खलाशांनीसुद्धा आपणहून पैसे काढून दिले. बाजारातल्या बायकांनी वेगळी पेटी फिरवली. जूनची बंदी लागली तोपर्यंत ३ लाख ८० हजार जमले. आणि मग लक्षात आलं की एवढ्यात एक बाटलीसुद्धा येत नाही.

दरम्यान एका मित्राने मुलाचा फोटो टाकून ऑनलाइन वर्गणी सुरू करून दिली. थोडे पैसे आले, पण त्यातून कंपनीचं शुल्क कापलं गेलं. वर कुणीतरी तोच फोटो उचलून स्वतःचा क्यूआर कोड लावून फिरवला. पोलिसांत तक्रार दिली, ती पोस्ट उतरवली, पण तोपर्यंत किती गेले कोण जाणे. त्यानंतर समितीत जोरदार वाद झाला. काहींचं म्हणणं, जमलेले पैसे ज्याचे त्याला परत द्या, उगाच हसं नको. काही म्हणाले, घरच्यांना देऊन टाका, ते कर्ज फेडतील. शेवटी ठरलं की पैसे वेगळ्या खात्यात राहतील, खजिनदार आणि मुलाचे वडील अशा दोघांच्या सहीशिवाय निघणार नाहीत, आणि रोख कुणाच्याही हातात न देता थेट बिलापोटी भरले जातील. पुढे हाच निर्णय कामाला आला.

सरकारी मदत: कुठे मिळते, कुठे नाही

इथे आमचे चार महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं, आपली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. गोव्यात पाच वर्षांहून जास्त राहणाऱ्या कुटुंबांना ती मिळते. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त जणांच्या कुटुंबाला चार लाख. योजना चांगलीच आहे, आपल्या कितीतरी सभासदांची ऑपरेशनं तिच्यावर झालीत. पण ती रुग्णालयात करायच्या ठराविक उपचारांसाठी आहे. घरी रोज घ्यायचं औषध तिच्यात बसलं नाही.

दुसरं, मच्छीमारांचा गट अपघात विमा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, अपघाताने रुग्णालयात दाखल झाल्यास २५ हजार. नावातच अपघात आहे. आजाराला तो चालत नाही, आणि तो मच्छीमाराचा आहे, मुलाचा नाही. तरी दोन जणांनी त्याचे अर्ज भरून घेतले होते. भाबडेपणा, दुसरं काय.

तिसरं, जे खरं दार होतं ते आम्हाला सर्वांत शेवटी सापडलं. केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण, २०२१. यात ठरलेल्या आजारांची यादी आहे, आता त्यात ६३ आजार आहेत. आजारांचे तीन गट केलेत. एकदाच उपचार करून बरे होणारे पहिल्या गटात, दीर्घकाळ पण तुलनेने कमी खर्चाचे दुसऱ्यात, आणि औषध आहे पण ते फार महाग आणि जन्मभराचं असे तिसऱ्यात. एसएमए तिसऱ्या गटात येतो. सुरुवातीला मदत फक्त पहिल्या गटाला आणि २० लाखांपर्यंत होती. मे २०२२ मध्ये ती तिन्ही गटांना प्रत्येक रुग्णामागे ५० लाखांपर्यंत केली. यासाठी दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

अर्ज मात्र पणजीत, तालुक्याला किंवा आमदारांच्या ऑफिसात करायचा नसतो. देशात त्यासाठी उत्कृष्टता केंद्रं नेमली आहेत, तिथल्या डॉक्टरांनी मुलाला तपासून नोंद करायची असते. आधी आठ केंद्रं होती, आता बारा आहेत. गोव्याहून सोयीची दोन, मुंबईचं केईएम रुग्णालय आणि बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स, जे तिथल्या इंदिरा गांधी बालरुग्णालयाबरोबर काम करतं. आपल्या बोटींवर किंवा नात्यात तेलंगणातले कुणी असतील तर हैदराबादला निम्स आहे, इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांना भोपाळचं एम्स आहे.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. ही मदत रोख मिळत नाही. पैसे केंद्राकडे येतात, केंद्र औषध खरेदी करतं आणि आपल्याला औषध मिळतं. "पन्नास लाख मिळाले" अशी जी अफवा जेटीवर उठली होती ती इथूनच. त्या घरात एक रुपयाही रोख आलेला नाही.

कागद, फेऱ्या आणि वाट पाहणं

गोमेकॉतल्या डॉक्टरांकडून संदर्भपत्र घेऊन बाप मुलाला पाठीवर मारून रात्रीच्या गाडीने निघाला. सोबत आमचा एक संचालक होता. अशा एकंदर पाच फेऱ्या झाल्या. फाईल दोनदा परत आली. एकदा आधारवर आणि जन्मदाखल्यावर आडनाव वेगळं होतं, एकदा जनुकीय रिपोर्टची मूळ प्रत हवी होती. एका फेरीत "साहेबांना भेटवतो, दहा टक्के द्या" म्हणणारा दलालही भेटला. त्याला एक पैसाही दिला नाही. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी मात्र खरी मदत केली. मोठ्या सरकारी रुग्णालयात हा विभाग असतोच. कुठला ट्रस्ट कधी अर्ज घेतो, कुणाला कसं पत्र लिहायचं, राहायला धर्मशाळा कुठे, हे सगळं त्यांना माहीत असतं. डॉक्टरांना भेटून झालं की पुढचं दार तेच.

जुलैच्या मध्यावर औषध सुरू झालं. पहिला डोस दिला त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. आईने सिरिंजमध्ये औषध मोजून भरलं, हात थरथरत होता. थेंबाची किंमत माहीत असल्यावर हात थरथरणारच.

औषध तयार करून दिल्यावर २ ते ८ अंशात ठेवायचं असतं, गोठवायचं नाही आणि ६४ दिवसांत संपवायचं. बर्फाचं आपल्याला काय शिकवायचं, असं बापाला वाटलं होतं. पण मासळीसारखं हे बर्फात पुरून चालत नाही. बर्फाला थेट टेकलं तर गोठायची भीती. सोसायटीच्या बर्फ कारखान्यातल्या मुलांनी थर्मामीटर लावलेली एक पेटी करून दिली. लाइट गेली की घरातलं कुणी ना कुणी ती घेऊन कारखान्यावर येतं.

आनंद झाला, पण पोटात गोळाही होता. ५० लाखांत त्या किमतीच्या आठच बाटल्या बसतात. आठ बाटल्या म्हणजे साधारण १३६ दिवस. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या शेवटावर आम्ही लाल गोल करून ठेवला होता. हे औषध मधेच थांबवायचं नसतं. पुढे काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये काय झालं

दोन गोष्टी झाल्या, दोन्ही आपल्या हातातल्या नव्हत्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ३३ जीवरक्षक औषधांवरचा १२ टक्के कर शून्य झाला, त्यात रिसडिप्लाम आहे. त्याआधी २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा ३६ औषधांवरची मूळ सीमाशुल्काची आकारणीही काढली होती.

खरी मोठी गोष्ट कोर्टात घडली. हे औषध रोश या स्विस कंपनीचं. हैदराबादच्या नॅटको कंपनीने त्याची जेनेरिक आवृत्ती तयार केली होती, पेटंटवरून खटला चालू होता. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नॅटकोला मनाई करायला नकार दिला. ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तो निकाल कायम केला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. लगेच जेनेरिक बाजारात आलं. छापील किंमत एका बाटलीला १५ हजार ९००.

आम्ही आधी विश्वासच ठेवला नाही. कुणीतरी एक शून्य खाल्लं असेल असं वाटलं. दोन-तीन ठिकाणी फोन केले, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कागद पाहून चालेल म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे खात्री पटली.

आता तेच खातं आठवा. ३ लाख ८० हजार. त्यातले ४२ हजार तपासण्या आणि फेऱ्यांना गेले. उरले ३ लाख ३८ हजार. मे महिन्यात या पैशांत एक बाटली येत नव्हती. नोव्हेंबरात त्याच पैशांत २१ बाटल्या येत होत्या. पैसे परत वाटून टाकले असते तर काय झालं असतं, याचा विचार आम्ही करत नाही.

आता मूल कसं आहे

खोटं सांगणार नाही. तो चालत नाही, आणि चालेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, उरलेल्या टिकवणं हे औषधाचं काम. पण मान धरतो, पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसतो. पाण्याचा अर्धा पेला स्वतः उचलतो. दरवर्षी पावसात खोकल्याने दाखल करावं लागायचं, या पावसात लागलं नाही. घास हाताने खातो. आईने जे मागितलं होतं तेवढं सध्या आहे.

पुढचा हिशेब

मुलाचं वजन आता १६ किलो झालंय. डोस रोज ४ मिलिग्रॅम, म्हणजे बाटली १५ दिवस. डिसेंबरपासून आपल्या २१ बाटल्या येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पुरतील. त्यानंतर वर्षाला २५ बाटल्या, म्हणजे ४ लाखांच्या थोडं आत. वजन २० किलो झालं की डोस ५ मिलिग्रॅमवर जाऊन तिथेच थांबतो. तेव्हा बाटली १२ दिवस, वर्षाला ३१ बाटल्या, आजच्या किमतीने ५ लाखांच्या जवळ. दीड कोटीपुढे हे काहीच नाही. पण लहान होडीवाल्याला दरमहा ३३ हजार आजही झेपत नाहीत. बाप यावर्षी बंदीतही मजुरीला जाणार म्हणतोय.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही कायमच्या आजारपण निधीचा ठराव मांडतोय. प्रत्येक होडीमागे आणि ट्रॉलरमागे किती, ते सभेने ठरवायचं. निधी एकाच घरासाठी नसेल. डायलिसिसवाले आहेत, कर्करोगाचे दोन रुग्ण आहेत. कुणाचा विरोध असेल तर सभेत उभं राहून बोला, राग नाही. पाठीमागे बोलू नका एवढंच.

ज्यांच्या घरात अशी वेळ येईल त्यांच्यासाठी

१. मूल वेळेवर मान धरत नसेल, बसत नसेल, हातपाय ढिले वाटत असतील तर टॉनिकवर दिवस काढू नका. बालरोगतज्ज्ञाकडून मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे पाठवणी मागा. या आजारात औषध जितकं लवकर, तितकं जास्त वाचतं.

२. आजाराचं नाव कळल्यावर पहिला प्रश्न विचारा, "हा दुर्मिळ आजारांच्या सरकारी यादीत आहे का?" असेल तर थेट उत्कृष्टता केंद्र गाठा.

३. दुसरा प्रश्न, "याचं जेनेरिक आहे का, किंवा येणार आहे का?" दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. पण डॉक्टरांना न विचारता औषध बदलू नका.

४. काही महागड्या औषधांच्या कंपन्या रुग्ण सहाय्य कार्यक्रम चालवतात, त्यात औषध मोफत किंवा सवलतीत मिळतं. अर्ज डॉक्टरांमार्फत जातो.

५. मूळ कागद एका फाईलमध्ये, झेरॉक्सचे तीन संच वेगळे. जनुकीय रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र, वजनाची नोंद, आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, मामलेदारांकडचा रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला. सगळीकडे नाव-आडनाव एकच आहे का ते आधी पाहा.

६. सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडून आपल्या बोटींवर येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, राज्याच्या योजना तुमचा रहिवास जिथे आहे तिथल्याच लागू होतात. केंद्राचं दुर्मिळ आजार धोरण मात्र सगळ्यांना सारखं.

७. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड लगेच काढा. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठीही तो दाखला लागतो.

८. एसएमए असेल तर क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया ही पालकांनीच उभी केलेली संस्था आहे. त्यांच्याशी बोला. ज्याच्या घरात हेच चाललंय त्याचा सल्ला निराळाच असतो.

९. दुसरं मूल हवं असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या. यात लाज नाही.

१०. वर्गणी काढायचीच तर वेगळं खातं, दोन सह्या, थेट बिल. मुलाचा फोटो शक्यतो टाकू नका. आणि पैसे कमी जमले म्हणून परत वाटायची घाई करू नका.

खात्याचं पासबुक आणि सगळी बिलं सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहेत. कामाच्या वेळात कुणीही येऊन बघावं. अर्ज कसा भरायचा ते विचारायचं असेल तरी या. आम्ही पाच फेऱ्यांत जे शिकलो ते तुम्हाला एका फेरीत सांगू.

सभेला नक्की या. ही पोस्ट जपून ठेवा, गरजूपर्यंत पोचवा.

आपले,
व्यवस्थापक मंडळ